पिशवीतला निळा ठिपका

इंदिरानगर, नाशिक
दसरा, दिवेलागण

सगळ्यात आधी आले ते जीवनमामा. म्हणजे आपल्या नातीचं, वेदिकाचं, जिथं ठरलंय त्या मालेगावच्या घरचे, नवऱ्या मुलाचे मामा. उंबऱ्याशी उभे राहिले ते चपला न काढताच. सूनबाईनं, निकितानं, पाणी पुढं केलं तर हात जोडून नको म्हणाले, आणि मागं वळून, गाडी लावायला थांबलेल्या बाकीच्यांची वाट बघत राहिले. मी आत मेथी निवडत होते. तिथून मला त्यांची नुसती पाठ दिसली आणि मी ओळखलं, लक्षण बरं नाही. कारण पितृपक्ष चालू होता, कुसे. पितृपक्षात सोयरीक जोडायला कोणी येत नाही, आलंच तर मोडायला येतं. त्यात पाणीसुद्धा नको म्हणायचं म्हणजे बघ.

अगं, पण आशीर्वाद द्यायचे राहिलेच. माझं हे असंच, तोंड आधी सुटतं आणि रीत मागून चालत येते. तर चिरंजीव सौभाग्यवती कुसाबाई हिस थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद. तुझा दमा कसा आहे? सावळीराम पाव्हण्यांच्या गुडघ्याला मी सांगितलेलं तेल लावतेस का, की बाटली कोनाड्यात ठेवून तिच्याकडं नुसतं बघतेस? इकडं सगळे खुशाल. माझी साखर डॉक्टरच्या म्हणण्याप्रमाणं जास्त आहे, माझ्या म्हणण्याप्रमाणं बरी आहे. अक्षर वाकडं आलंय ते समजून घे (दुसरीतच शाळा सुटली माझी, तू तर तेवढीही गेली नाहीस, तेव्हा हे पत्र नातवाकडून वाचून घेशील ते शेवटचा कागद सोडून. शेवटचा कागद तुझ्या सुनेकडून वाचून घे, ती पोटात ठेवणारी आहे). फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. त्याला कारण आहे.

तर पाहुणे. मामांच्या मागून दीपमाला विहीणबाई आल्या, आणि त्यांच्या मागून सार्थक, नवरा मुलगा. अक्षय्य तृतीयेच्या साखरपुड्यात तू त्याला बघितलंस ना, पुण्यात नोकरीला आहे, किती हसतमुख. तो त्या दिवशी मान खाली घालून, हातात फोन धरून आला. वेदिका घरी नव्हती, कंपनीतून यायची होती. आपला रविराज, पोरीचा बाप, बिचारा बसा बसा करत होता आणि ते बसत नव्हते. शेवटी बसले, आणि मामांनी रविराजला विचारलं, तुमची मुलगी अमुक मंगळवारी कुठं होती. रविराज म्हणाला, कंपनीत. मामा म्हणाले, कंपनीत नव्हती, गंगापूर धरणाच्या बाजूला वाईनच्या कारखान्यात होती, दुपारभर.

मामा थांबेनात. दर एकादशीला तुमची मुलगी पंचवटीत एका लॉजपाशी तास न् तास असते. रोज पहाटे बागेत जाते, कोणाला भेटते देव जाणे. श्रावणात तुम्हाला कंपनीत जाते म्हणून सांगून चार दिवस नामपूरला जाऊन राहिली. दीपमालाबाई पदराशी चाळा करत म्हणाल्या, आम्हाला बोलायला बरं वाटत नाही, पण मुलाच्या जन्माचा प्रश्न आहे.

आता माझं ऐक. मी मेथी हातात घेऊन आतल्या दारात उभी. ऐकता ऐकता मला पोरीचा असा राग आला म्हणून सांगू. नामपूरला चार दिवस राहिली आणि तुझ्या घरी आली नाही? मी तिथंच होते ना तेव्हा, तुझ्या ओट्यावर बसून आपण वाती वळत होतो. आणि पंचवटीत एकादशीला मी पण असते, आमचं भजन त्या लॉजशेजारच्या भक्तनिवासाच्या हॉलमध्येच असतं. सकाळी बागेत मीही जाते, त्या हलत्या लोखंडी झोक्यांवर पाय हलवायला (फुकट असतात, सरकारनं बसवलेत). एवढ्या ठिकाणी ही पोरगी माझ्या आसपास हिंडली आणि एकदा म्हणून आजी अशी हाक मारली नाही. मी तशीच बाहेर गेले आणि म्हटलं, "मामा, त्या मंगळवारी कारखान्यात मी पण होते. मला नाही कुठं दिसली."

सगळं घर माझ्याकडं बघायला लागलं. रविराज म्हणाला, "आई, तू वाईनच्या कारखान्यात काय करत होतीस?" मी म्हटलं, भजनी मंडळाची सहल होती, सोमेश्वर करून येताना ड्रायव्हर म्हणाला परदेशातून लोक बघायला येतात, तुम्ही नाशिकच्या असून बघितलं नाही, तर आम्ही बघितलं. एवढे मोठे चकचकीत हंडे, कुसे, आपल्या वाड्यातली विहीर उचलून ठेवली तरी मावेल. सरबत दिलं, प्यालो, आलो.

तेव्हा सार्थकनं पहिल्यांदा मान वर केली. फोनमध्ये बघून हळूच म्हणाला, वेदिका आत्ता इथंच दाखवतेय, या घरात. निकितानं लगेच वेदिकाला फोन लावला तर ती कंपनीच्या बसमध्ये, पाथर्डी फाट्यापाशी. सार्थक माझ्या कमरेकडं बघायला लागला. तिथं माझी खणाची पिशवी खोचलेली, आणि पिशवीतून माझा फोन डोकावत होता. त्या फोनचं गुलाबी कव्हर त्यानंच वेदिकाला घेऊन दिलेलं.

तुला आमच्या घरची पद्धत ठाऊक आहे. आपल्याकडं जशी थोरलीची साडी धाकटीला, धाकटीची गोधडीला, तसा इथं फोन उतरत जातो. वेदिकानं साखरपुड्यानंतर नवा घेतला आणि जुना मला दिला. साखरपुड्याच्या वेळी सार्थकनं तिला म्हटलं होतं, रात्री-अपरात्री बसनं येतेस, तू कुठं आहेस ते मला दिसू दे. तिनं जुन्या फोनमध्ये ते चालू केलं, नव्यात केलं नाही, जुन्यातलं बंद करायचं राहिलं. आणि तो फोन पिशवीत घालून मी अख्ख्या नाशिकभर हिंडले. पोरगं पुण्यात बसून माझ्यामागं हिंडलं.

मामांना पटेना. म्हणून मी म्हटलं, बघून घ्या. मला मारुतीच्या देवळापर्यंत पाठवलं आणि सगळे सार्थकच्या फोनवर डोकी टेकून बसले. कुसे, माझ्या लग्नाच्या वरातीतसुद्धा मी एवढ्या तोऱ्यात चालले नसेन. परत आले तर मामांच्या चपला दाराबाहेर, आणि मामा उठून उभे. म्हणाले, आजी, तुम्ही कोपऱ्यावर थांबलात. मी म्हटलं, हो, कोथिंबीर बघितली, महाग होती. त्यांनी मग स्वतःहून पाणी मागितलं.

मला सार्थकनं शेजारी बसवून ते दाखवलं. काय सांगू तुला. आपलं नाशिक वरून, घारीला दिसावं तसं. गोदामाई निळ्या नाडीसारखी वळत गेलेली, गल्लीन् गल्ली, आणि त्यात एक निळा ठिपका धडधडत होता. तो ठिपका म्हणजे मी. मी हात लावून बघितला. सार्थकनं मागचंही काढलं, श्रावणातलं, तर नाशिकपासून सटाण्यावरून नामपूरपर्यंत रेघ, आणि नामपुरात तुझ्या घरापासून महादेवापर्यंत, महादेवापासून तुझ्या घरापर्यंत. मी थक्क झाले. अगं, आमचे हे होते तेव्हा मी माहेरी गेले की परत आले, याचाही पत्ता त्यांना भूक लागल्यावर लागायचा. आणि इथं एक परका पोरगा मी कधी बागेत गेले, कुठं टेकले, कुठं जास्त वेळ बसले, सगळं डोळ्यात तेल घालून बघत होता. माझ्या जन्मात माझ्यावर एवढा जीव कोणी टाकला नाही. मी त्याच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. निकितानं हसत हसत चहा टाकला, पोहे टाकले. दीपमालाबाई म्हणाल्या, झालं गेलं, वेदिकाला काही सांगायला नको. सगळे हो म्हणाले.

तेवढ्यात वेदिका आली. आणि मी तिला सगळं सांगितलं. (माझ्याच्यानं राहवेना. एवढी नवलाई पोटात कशी राहील?)

तिनं खांद्यावरची बॅग काढली नाही. मला वाटलं हसेल. ती सार्थकला म्हणाली, "कधीपासून बघतोयस?"

तो म्हणाला, साखरपुड्यापासून, पण त्या कारखान्याचं दिसल्यापासून रोज.

"आणि एकदाही मला विचारलं नाहीस."

त्यानं फोन मांडीवर पालथा ठेवला. मग म्हणाला, "भीती वाटायची. विचारलं आणि तू हो म्हणालीस तर?"

"मी एका वाक्यात सांगितलं असतं, आजीकडं आहे म्हणून. रोज रात्री माझ्याशी बोलत होतास, जेवलीस का विचारत होतास. आणि तेव्हा तुझ्या मनात मी त्या लॉजवर होते."

कुसे, त्या वाक्यानं माझ्या अंगावर काटा आला. मला ते तोवर सुचलंच नव्हतं. मी आपली नकाशा बघण्यात दंग. आपण नव्या सुना होतो तेव्हाचं आठवलं. विहिरीवर जाऊन यायला जरा उशीर झाला की घरी पोचायच्या आधी सासूला खबर असायची, कोणाशी बोललो, कशाला हसलो. गावच फोन होता आपला. आपण घरात शिरून खाली मान घालून भांडी घासायला बसायचो. ही पोरगी उभी राहून विचारत होती, तेही आवाज न चढवता. रविराज मध्ये काही बोलायला गेला तर निकितानं त्याचा हात दाबला. मी त्या दोघींकडं नुसती बघत राहिले. नकाशापेक्षा हे मोठं नवल.

वेदिकानं लग्न मोडलं नाही आणि धरूनही ठेवलं नाही. ती म्हणाली, ते बंद कर, आत्ता, माझ्यासमोर. आणि आता काही दिवस बघायचं नाही, मामांना, आईला, माझ्या मैत्रिणींना विचारायचं नाही. मनात आलं तर मला विचारायचं. जमलं तर परत या, मग बोलू. सार्थकनं तिथंच बंद केलं. जाताना दारात दीपमालाबाईंनी त्याला विचारलं, "काय रे, माझ्या फोनमध्येही आहे का हे?" तर तो बुटाची नाडी बांधायला वाकला तो वाकलेलाच राहिला. आणि त्याच्या बुटाला नाडी नव्हती, मी बघितलं.

आता तेव्हापासून त्याचे फोन येतात. परवा विचारलं म्हणे, आज कुठं गेली होतीस? ही म्हणाली, सांगत नाही. तो म्हणाला, बरं, मग काय खाल्लंस ते सांग. आणि ही गॅलरीत एकटी हसत होती. हो म्हणेल की नाही म्हणेल ते मला माहीत नाही.

रविराजला मात्र ते यंत्र लय आवडलं. त्यानं माझ्या फोनमध्ये ते मुद्दाम घातलं, स्वतःच्या फोनला जोडून. म्हणाला, आई, तुझ्या काळजीपोटी. किती मायेचा मुलगा. दुसऱ्याच दिवशी मी मिसळीच्या दुकानात बसले, पहिला घास तोंडात, आणि ऑफिसातून याचा फोन, आई, तर्री नको, साखर आहे तुला. मी घास तसाच धरून ठेवला. चार दिवसांनी लिमलेटच्या गोळ्या घेताना तेच. परवा तर मी देवळाच्या पायरीवर जरा टेकले, तर याचा फोन, आई, हलत का नाहीस, बरी आहेस ना? किती जीव टाकतो. डोळे भरून येतात. आपल्या पिढीत असं सुख कोणाला मिळालं.

पत्रासोबत आपट्याची पानं आहेत, सोनं समजून घे. सगळ्यांना सांग सोन्यासारखं राहा. पाव्हण्यांना नमस्कार.

तुझी थोरली,
पार्वता

ता. क. इथून पुढं सुनेकडून वाचून घे. तुमच्या गावच्या कांदेवाल्या चंदरच्या हाती पुडकं दिलंय (तो उद्या पहाटे कांदे उतरवून पिकअप रिकामी घेऊन नामपूरला येतोय). पुडक्यात खणाच्या तुकड्यात गुंडाळलेला माझा फोन आहे. घाबरू नकोस, बिघडलेला नाही. घरी मी सांगितलंय की चंदरच्या गाडीनं कुसाकडं जाते, एक मुक्काम करून येते. तर माझ्याऐवजी फोन येतोय. त्याला कोनाड्यात ठेवू नकोस, एका जागी राहिला तर रविराज मला मेली समजेल. सकाळी महादेवाला ने, दुपारी ओट्यावर, संध्याकाळी बाजारापर्यंत. रविराजचा फोन आला तर तूच घे, आपला आवाज सारखाच आहे, वाटलं तर थोडी खोक. मेथीची भाजी खाल्ली म्हणून सांग.

मी आणि शेजारच्या उत्तराताई (माहेर पंचवटीच्या भटजींचं, फार सज्जन बाई) परत त्या कारखान्यात चाललोय. मागच्या वेळी सरबत नीट कळलं नाही, एकच पेला दिला. जरा आंबट होतं, घशात ऊब लागत होती, आणि येताना गाडीत उत्तराताईंना अशा गौळणी आठवल्या की ड्रायव्हरनं गाणी बंद केली. आधी मिसळ, तर्री घालून. रात्री त्यांच्या भाचीकडं, आभाकडं, पंचवटीत राहू.

आणखी एक ता. क. वेदिकाला ठाऊक आहे. तिनंच फोन भरून, गुंडाळून दिला. कुठं चाललीस म्हणून विचारलंसुद्धा नाही, नुसतं म्हणाली, छत्री घेऊन जा आजी. विचारलं नाही म्हणून मीच तिला सगळं सांगितलं, सरबताचंही.

परवा चंदर नव्या कांद्याची गाडी घेऊन येईल, त्याच्याबरोबर फोन परत पाठव, विसरू नकोस, आणि जरा नामपुरी शेव. घरात लागेल. मालेगावचे लोक जाताना सांगून गेलेत, कोजागिरीला दूध प्यायला येतो.