मरोदा ते राजनांदगाव, मामाजींसह

५ जानेवारी १९८६, रविवार
यंदाचा संकल्प: शरीर. स्टील प्लांटच्या क्लबच्या बोर्डावर नोटीस लागली आहे. मार्चमध्ये तिहेरी शर्यत. मरोदा तलावात दोन किलोमीटर पोहायचं, मग सायकलनं राजनांदगावला जाऊन यायचं, मग एकवीस किलोमीटर पळायचं. एकाच दिवशी, एकाच माणसानं. अमेरिकेत म्हणे याच्या दुप्पट करतात. नाव लिहिलं, पेननं. यादीत पहिलाच. बाकी कोणी लिहिणार नाही, शर्यत रद्द होईल, आणि स्टोअर्स सेक्शनमध्ये ‘विजयकुमार तयार होता’ एवढं कायम राहील. याला दूरदृष्टी म्हणतात.

११ जानेवारी
बोर्डावर चौदा नावं. बहुतेक रोलिंग मिलमधली जवान मंडळी. भिलाईत इतके रिकामे लोक असतील असं वाटलं नव्हतं.

१८ जानेवारी, शनिवार
मामाजी आले. म्हणजे रमाचे वडील, कृष्णराव, पुलगावचे रिटायर्ड पीटी मास्तर. दिवाळीत सासूबाई गेल्या, तेव्हापासून धड जेवत नव्हते की बोलत नव्हते. रमानं पत्रात शर्यतीचं लिहिलं (मला न विचारता), तर पहिल्या पॅसेंजरनं हजर. ट्रंक, स्टॉपवॉच, शिट्टी. दारातच म्हणाले, “जावईबापू, पोट आत घ्या.”
दोन खोल्यांचं क्वार्टर. पळून जायला जागा नाही.

२६ जानेवारी, रविवार
पहिला लांब दिवस. पहाटे पाचला मामाजींनी हाक मारून उठवलं. तलावात चारशे मीटर पोहलो. त्यातलं थोडं चालून. पाण्यातून चालणं हा उच्च प्रतीचा व्यायाम आहे. मग सायकलनं शिवनाथच्या पुलापर्यंत. मागून शेजाऱ्यांच्या लूनावर मामाजी. शिट्टी मारून ओरडले, “पॅडल मारून राहिले का घंटी वाजवून राहिले?”
एकूण सात तास. प्रगती समाधानकारक.

९ फेब्रुवारी, रविवार
नऊ तास. जाताना वारा समोरून होता. येतानाही समोरूनच. या भागाचं हवामान विचित्र आहे.
घरी आल्यावर मामाजींनी चार पोळ्या खाल्ल्या. रमा स्वयंपाकघरात पदरानं डोळे पुसत होती. मला दोन पोळ्याही गेल्या नाहीत, त्यासाठी कोणी डोळे पुसले नाहीत.

१२ फेब्रुवारी
योजना: रविवारची ड्यूटी लावून घ्यायची. सेक्शन इन्चार्ज श्यामरावांना खाजगीत भेटलो. ते म्हणाले, “काहाची ड्यूटी? तू सेक्शनची इज्जत आहेस बे.” वरून शनिवारीही अर्धा दिवस सुट्टी दिली. प्रॅक्टिससाठी.
आता आठवड्यातून दोन दिवस.

१५ फेब्रुवारी, शनिवार
मामाजींना सरळ सांगायचं ठरवलं. वाक्य आरशासमोर तीनदा म्हटलं. मागे रमा उभी. म्हणाली, “बाबा काल हसले. तीन महिन्यात पहिल्यांदा. तुमी आता नाही म्हणान तर ते पुलगावले जातीन. त्या घरात त्याईचं कोन आहे? मी काही म्हणत नाही. तुमीच पाहा.”
रमा ‘मी काही म्हणत नाही’ म्हणाली की अपील नसतं. वाक्य गिळलं.

२ मार्च, रविवार
शेवटचा लांब दिवस. जाताना पुलाच्या पुढे लूना पंक्चर झाली. मामाजी म्हणाले, थांबू नका. थांबलो नाही. पुढच्या वळणावर सायकल ट्रकवर चढवली. राजनांदगावला दोन तास झाडाखाली झोपलो, येताना दुसरा ट्रक. भिलाईत सिविक सेंटरला उतरून तोंडावर पाणी मारलं. मामाजींनी वेळ वहीत लिहिली आणि खाली लाल रेघ मारली. ही फसवणूक नाही. ऊर्जेची बचत आहे.

१६ मार्च, रविवार, संध्याकाळ
शर्यत. पोहणं पुरं केलं, शेवटचा. राजनांदगावच्या आठ किलोमीटर अलीकडे दोन्ही पायांत गोळे आले. रस्त्याकडेच्या चिंचेखाली आडवा झालो. मामाजी लूनावरून आले, शेजारी बसले, पोटऱ्या चोळू लागले. माझ्या तोंडून सगळं बाहेर पडलं. ट्रक, झोप, नोटीस, पेन.
ते चोळतच होते. म्हणाले, “पयल्याच दिवशी समजलं मले. चाळीस वर्षं पोरं पळवली. पळनारा चालीवरूनच दिसते.”
मग कावून आले दर वेळी मागं, असं विचारलं.
म्हणाले, “तिकडं उठून करू काय? इथं पाच वाजता कोनाले तरी उठवाचं असते.”
रमाचा डबा दोघांनी खाल्ला. मग त्यांनीच हात दाखवून ट्रक थांबवला आणि माझी सायकल वर चढवली.

१९ मार्च
मामाजी पुलगावला जाणार नाहीत. रोलिंग मिलची मंडळी घरी आली होती. त्यांना मास्तर पाहिजे. मामाजी अर्ध्या मिनिटात हो म्हणाले.
म्हणजे मी सुटलो. अखेर माझी योजना यशस्वी.

२३ मार्च, रविवार
पाचला जाग आली. मामाजी चप्पल हातात घेऊन पावलं न वाजवता निघाले होते. दाराची कडी हळूच लागली. रमा म्हणाली, “झोपा ना आता निवांत.”
आठपर्यंत छताकडे पाहत पडलो.
हाक मारली असती तर मी नाहीच म्हणणार होतो. पण मारायला पाहिजे होती.