दोन पंख्यांचं कार्ड

२ मे, रविवार
लेक नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली, तेव्हापासून घर ओकंबोकं झालंय. रोज फोन होतो, पण 'जेवलीस का' आणि 'पाऊस आहे का' यापुढे माझी गाडी जात नाही. मग फोन हिच्याकडे देतो आणि बाजूला उभा राहून ऐकतो.

आज लेकीनेच आयडिया काढली. ती एक गेम खेळते. नदीकाठी गाव वसवायचं, लाकडं तोडायची, घरं बांधायची, अंधार पडला की लांडग्यांपासून गाव राखायचं. आपापल्या घरी बसून एकत्र खेळता येतं. दर रविवारी आपण तिघं खेळू म्हणाली. तिकडे अजून ओळखी नाहीत, रविवार खायला उठतो तिला.

मी लगेच हो म्हटलं. ही पण हो म्हणाली. हिला कॉम्प्युटर बंद करायलासुद्धा मी लागतो, पण उत्साहावर पाणी कशाला ओता.

अडचण एकच. आपल्या कॉम्प्युटरमध्ये गेमचं चित्र झकास दिसायला लागतं ते ग्राफिक्स कार्ड नाही. लेक म्हणाली, बाबा, गेम साधा आहे, आहे त्यावर चालेल. पोर हुशार आहे, पण हार्डवेअर कळत नाही.

संकल्प: पुढच्या रविवारच्या आत कार्ड.

५ मे
अभ्यासाला लागलो. आपल्या कॉम्प्युटरचं कॅबिनेट, म्हणजे खोकं, छोटं. टीव्हीशेजारच्या कप्प्यात मावेल असंच घ्या, ही हिची अट होती. म्हणजे कार्ड आखूड हवं. किंमत मधली हवी. ताकद मात्र मधल्यापेक्षा थोडी वरची हवी. एवढ्या स्पष्ट अपेक्षा असल्यावर निर्णय दोन दिवसांचा.

९ मे, रविवार
निर्णय लांबला. मेमरी आठ जीबी घ्यावी की बारा? एका व्हिडिओतला दाढीवाला म्हणतो, आठचे दिवस संपले. दुसरा दाढीवाला म्हणतो, बारा म्हणजे पैसे पाण्यात. दोघांचंही पटतं. आधी ज्याचा बघावा त्याचं जरा कमी पटतं.

लेकीला सांगितलं, पुढचा रविवार नक्की. ती बरं म्हणाली. मग ही लेकीचा घरी राहिलेला जुना लॅपटॉप घेऊन बसली. मी म्हटलं, त्या डबड्यावर काय दिसणार? लेक फोनवरून शिकवत होती. ही म्हणे दोनदा चालत चालत नदीत गेली. आतल्या खोलीत दोघींचं इतकं हसणं चाललं होतं की मला व्हिडिओचा आवाज वाढवावा लागला.

१२ मे, दुपारी
स्वयंपाकघरातले ओटे आणि कपाटं बनवणारी आमची कंपनी. लोकांच्या घरी जाऊन मापं घेणं हे माझं काम. आज एका बाईंच्या ओट्याचं माप घ्यायला गेलो होतो. टेप भिंतीला धरून स्टुलावर उभा होतो, तेवढ्यात नव्या कार्डाचा रिव्ह्यू आल्याचं मोबाइलवर दिसलं. वाचून संपेपर्यंत बाई चहा करून, पिऊन, कप विसळून आल्या. भिंत वाकडी आहे का, असं काळजीने विचारलं. मी म्हटलं, बघतोय.

१६ मे, रविवार
सकाळी मेव्हणा आला. त्यानेही मागे कार्ड घेतलं. दुकानात गेला, दुकानदाराने दिलं ते उचललं, त्या संध्याकाळपासून खेळतोय. असा बेफिकीर माणूस मी पाहिला नाही. त्यातून मलाच सल्ला: कॅबिनेटमध्ये जागा किती आहे ते आधी बघून घ्या दाजी. मी फक्त हसलो. उभा जन्म मापं घेण्यात गेलाय आपला.

संध्याकाळी दोघी खेळल्या. गावात आता पूल झालाय. हिने बांधला. जेवताना मी विचारलं, खेळताना चित्र अडखळत नाही का? म्हणाली, लक्षात नाही आलं.

१९ मे
घेतलं!

दुकानदाराने दोन दाखवली. एक आखूड, गार राहायला लावलेल्या दोन छोट्या पंख्यांचं. दुसरं थोडं लांब आणि अंगाने जाड, पण आकडे सरस. कॅबिनेट कुठलं आहे विचारलं त्याने. मी म्हटलं, त्याची गरज नाही, मिलिमीटरपर्यंत मोजून आलोय. आणि सरस ते उचललं.

संध्याकाळी बसवलं. लांबीला असं चपखल बसलं की हिला हाक मारून दाखवलं. मग बाजूचं झाकण लावायला घेतलं. लागेना. कार्डाला वीज पुरवणारी जाड वायर वरच्या अंगाला येते आणि तुऱ्यासारखी उभी राहते. कार्ड मोजलं होतं. तुरा मोजला नव्हता. वायर थोडी दाबली. झाकणही थोडं दाबलं. कट् असा आवाज आला. झाकणाची एक खिट्टी गेली.

हिला सांगितलं, झाकण उघडं असलेलं बरं, हवा खेळते. ही म्हणाली, मग ओट्यांची दारं पण तशीच ठेवत जा लोकांच्या घरी.

२० मे
दुकानदाराने कार्ड बदलून दिलं. एक अक्षर बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, माझ्याकडे उत्तर तयार होतं. आता दोन पंख्यांचं आखूड कार्ड घेतलंय. पहिल्या दिवशी त्याने हेच पुढे केलं होतं हे खरं, पण तेव्हा माझा अभ्यास पुरा व्हायचा होता.

झाकणाला चिकटपट्टी लावली. दिसत नाही. मागून दिसते.

२३ मे, रविवार
अखेर आज खेळलो. काय ते चित्र! पाण्यावरची चमक, पानापानाची सावली. हिला बोलावून दाखवलं. आपला लॅपटॉप मांडीवर तसाच ठेवून तिने मान वळवून पाहिलं आणि म्हणाली, माझ्याकडे असंच दिसतं. नजर तयार व्हावी लागते, एकदम नाही कळत.

गावात गिरणी आहे, दोन पूल आहेत, कोठार आहे. मी पुलावर थांबून पाण्यातलं प्रतिबिंब न्याहाळत होतो, तेवढ्यात लांडग्याने मारलं. परत जिवंत होऊन आलो. प्रतिबिंब राहिलंच होतं. पुन्हा मारलं. लेक म्हणाली, बाबा, तू कोठारापाशीच थांब. म्हणजे भांडारप्रमुख. पहिल्याच दिवशी एवढी जबाबदारी.

२६ मे
मेव्हण्याचा फोन. त्याच्या कार्डाचे पंखे मिक्सरसारखे ओरडतात म्हणे. मी सांगितलं, माझं चालू आहे हेसुद्धा कळत नाही. हात लावला तर थंडगार. पंखे फिरतच नाहीत जवळजवळ. फिरतच नाहीत? असं त्याने दोनदा विचारलं. झोंबलं असणार.

ऑफिसात दोघांना कार्ड निवडून देईन म्हणून शब्द दिलाय.

२९ मे, शनिवार
लेक दोन दिवस घरी आलीय. वाळलीय. विचारलं तर म्हणते, नाही रे बाबा, तसाच ड्रेस आहे.

दुपारी मोबाइल चार्जिंगला लावायला ती कॉम्प्युटरच्या मागे वाकली आणि तशीच राहिली. मग विचारलं,
"बाबा, मॉनिटरची वायर इथे कशाला लावलीयस?"

मी म्हटलं, नेहमीच्याच जागी आहे. ती म्हणाली, तेच तर. नेहमीची जागा म्हणजे कॉम्प्युटरची जुनी जागा. नव्या कार्डाची जागा खाली, आणि तिचं रबरी टोपणसुद्धा अजून निघालेलं नाही. म्हणजे कार्ड आल्यापासून नुसतं बसून होतं.

लेक जमिनीवर बसली ती हसत. ही स्वयंपाकघरातून आली. तिला सांगितलं, तीही बसली. हसता हसता लेकीच्या डोळ्यांतून पाणी आलं. आल्यापासून पहिल्यांदा अशी हसली, म्हणून मीही फार ताणलं नाही. तुलना करण्यासाठी आधी जुन्यावर खेळून बघत होतो, एवढंच शांतपणे सांगितलं. त्यावर दोघींना परत उबळ आली.

वायर खाली लावली. पंखे फिरले. आणि चित्र... आता खरंच काय ते चित्र! गवताची पाती सुटी सुटी. हलणं तर लोण्यासारखं. मी पुलावरून गिरणीपर्यंत पळत गेलो, वळलो, परत पळत आलो. मग खोली फिरायला लागली. पोटातून ढवळून आलं. आत्ता सोफ्यावर पडून लिहितोय. काही नाही, दुपारचं जेवण जड झालं.

३० मे, रविवार
सकाळी पुन्हा प्रयत्न. नाश्ता केला नव्हता, तरी गरगरलं. निघण्यापूर्वी लेकीने सेटिंगमध्ये जाऊन सावल्या बंद केल्या, गवत बंद केलं, चमक बंद केली, सगळं अगदी खालच्या पट्टीवर आणलं. मग बरं वाटलं. चित्र आता थेट हिच्या लॅपटॉपसारखं दिसतं. म्हणजे नुसतं बसून राहिलेलं कार्डच बरं होतं असं कोणी म्हणेल. पण ज्याच्याकडे ताकद आहे त्यानेच ती न वापरणं वेगळं.

६ जून, रविवार
तिघंही खेळलो. ही थोड्या वेळाने कुकर लावायला उठली. गावात मी आणि लेकच उरलो. काम काही नव्हतं, म्हणून कोठारासमोर नुसते उभे होतो. माझा चौकोनी माणूस आणि तिचा चौकोनी माणूस. ती आपणहून बोलायला लागली. ऑफिसात दुपारी सगळे आपापल्या घोळक्यात जेवायला जातात, ती डबा टेबलावरच उघडते. राजीनामा लिहून ठेवला होता म्हणाली. दोनदा. मी माझा माणूस तिच्या माणसाच्या आणखी जवळ नेऊन उभा केला. बराच वेळ उभे राहिलो तसेच. मग म्हणाली,
"पण या आठवड्यात एकीने विचारलं जेवायला. जाईन म्हणतेय."

मी म्हटलं, जा. जरूर जा. आणखीही सांगणार होतो, धीर धरावा, माणसं जोडावीत वगैरे, चांगलं सुचत होतं. तेवढ्यात लांडगा आला आणि मला घेऊन गेला.

हिने स्वयंपाकघरातून विचारलं, मेले का? लेक हो म्हणाली.

दोष माझा नाही. सावल्या बंद असल्यामुळे लांडगा येताना दिसत नाही. मोठा मॉनिटर बघायला हवा. अभ्यासाला लागतो. दोन दिवसांचं काम.