शंभरचं ऐंशी केलं

१२ नोव्हें., बुध.
आज सरांनी पुन्हा शंभरचा उतारा दिला. मिनिटाले शंभर शब्द, सात मिनिटं. मराठी लघुलेखन. पाचव्या मिनिटाले एक अख्खं वाक्य हातातून गेलं, मग पुढचं सगळंच घसरलं. चुका बेचाळीस. सर म्हणाले, "होते, होते. घाबरू नको." सर कोर्टात तीस वर्षं स्टेनो, त्यांले काय जाते "होते" म्हणायले! परीक्षा सव्वा महिन्यावर. मागच्या वेळी शंभरले नापास झाली तेव्हा सासूबाई मोर्शीच्या नणंदेले फोनवर सांगत होत्या, "सदतिसाव्या वर्षी शाळा सुचली आमच्या सुनेले." या वेळी पडली तं मीच वह्या फाडून टाकीन.

१५ नोव्हें., शनि.
फॉर्म दुरुस्तीचा शेवटचा दिवस. सर पुतणीच्या लग्नाले अचलपूरले. क्लासमध्ये एकट्या काकू, सरांच्या मिसेस. फॉर्म सगळे त्याच भरतात.
"काकू, माझं शंभरचं ऐंशी करून द्या."
"सरले इचारलं का?"
"हो, फोनवर."
चष्म्यावरून पाहिलं माझ्याकडे. मग केलं. दोन मिनिटांचं काम.
विचारलं नव्हतं. विचारलं असतं तं नाही म्हणाले असते, म्हणूनच. घरी येताना हलकं वाटलं, खोटं काहून लिहू. सगळ्यांसाठी आलूबोंडे घेऊन आली.

२ डिसें.
सरांले उद्या सांगीन, असं रोज ठरवते. ते रोज शंभर म्हणून देतात, मी रोज मुकाट्यानं घेते. आज चुका अठ्ठावीस. ऐंशीचंच द्यायचं आहे म्हणून हात मोकळा चालून राहिला, दुसरं काय.
हे म्हणाले, "सांगून टाक न, खाऊन थोडी टाकतात." यांचं काय जाते!

२१ डिसें., रवि.
रात्रीचे साडेआठ, घरी आली. लिहायचं नव्हतं. लिहिते.

परीक्षा अकोल्याले. बडनेऱ्याहून सगळी बॅच सरांसोबत गाडीनं. सर सगळ्यांची हॉलतिकिटं पाहत होते. मी पर्समध्ये खाली दाबून ठेवलं, म्हटलं घेतलं सर, आहे.

ऐंशीची बॅच पहिली. स्पीकरवर बाईंच्या आवाजातला उतारा सुरू झाला अन् मले वाटलं, मशीन बिघडली का काय. इतकं हळू! शब्द लिहून पेन उचलून बसायची मी. एक बाक सोडून बसलेली पोरगी घामाघूम, अन् मी पुढच्या शब्दाची वाट पाहून राहिली.

मग शंभरवाले आत गेले. सर गेटपाशी, म्हणून मी मागच्या व्हरांड्यात थांबली. स्पीकर बाहेर चांगला ऐकू येत होता. धरणात गेलेल्या गावांच्या पुनर्वसनावरचा उतारा. काय झालं कोण जाणे, पायरीवर बसली, वही काढली अन् घेतलं. सातही मिनिटं. एक शब्द सुटला नाही.

मान वर केली तं सर समोर.
"तू आत काहून नाई?"
त्यांनी हॉलतिकीट मागितलं. पाहिलं. मग वही घेतली अन् उभ्यानंच सगळी वाचली.
"अवं, सहा महिन्यांपासून शंभर म्हणून एकशे वीस देऊन राहिलो तुमाले! परीक्षेत जीव घाबरते, म्हणून वर्गात वाढवूनच देतो मी. हे ऐंशी कोनं केलं?"

एकशे वीस. शब्द मोजून पाहायचं मले कधी सुचलंच नाही. सरांनी शंभर म्हटलं म्हणजे शंभर.

"फॉर्ममधी चुकलं असन," मी म्हणाली.

कोणाच्या हातून, ते बोलली नाही. बोलायची गरजच नव्हती. फॉर्म एकच बाई भरते.

२३ डिसें., मंगळ.
सरांनी काकूंले सगळ्या बॅचसमोर झापलं. "एक रकाना नीट पाहता येत नाई? पोरीचं वर्ष गेलं!"
काकू म्हणाल्या, "चष्मा बदलाले झाला." इतकंच. माझ्याकडे पाहिलंही नाही. पाहिलं असतं, शिव्या दिल्या असत्या, तं बरं झालं असतं. मी खाली मान घालून पेन्सिल छिलत होती. लाज कशी वाटत नाही मले?

९ जाने., शुक्र.
जाहिरात निघाली. लघुलेखक, जागा अमरावतीतच. शंभरचं प्रमाणपत्र पाहिजे, वय अडतीसच्या आत. मले जूनमध्ये अडतीस पूर्ण. पुढची शंभरची परीक्षाही जूनमध्येच, निकाल त्याच्या नंतर. म्हणजे ही गेली. यानंतर वयाची सूट मिळाली तं मिळाली.
हे म्हणतात, सूट देतात कधीकधी. देतात. ज्यांच्या नशिबात असते त्यांले.

११ जाने., रवि.
सर नसताना काकूंकडे गेली. तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मी म्हटलं, काकू, मी खोटं बोलली होती.
"तवाच समजलं होतं मले. शंभरचं ऐंशी कराले हा माणूस हो म्हणन? चाळीस वर्षं झाली त्यांच्यासंग."
"मग केलं काहून?"
"तुया चेहरा पाहवला नाई, बाई. वाटलं, एकदाची पास तं होईन."
मी रडली. त्यांनी रडू दिलं. मग म्हणाल्या, "मी नाई सांगत त्यांले. तूच सांग. पण चष्मा माया चांगला हाये, हे ध्यानात ठेव."

१२ जाने., सोम.
सांगालेच गेली होती. लवकर गेली, पण सरांनी तोंड उघडू दिलं नाही. "बस, घे. एकशे वीस. आता सांगूनच देतो."
घेतलं. चूक एक.
सर इतके खूश झाले! तोवर बॅच आली, तं माझी वही वर धरून सगळ्यांले दाखवली. "पाहा! अन् अशा पोरीचं वर्ष आमच्या काकूनं खाल्लं."
मधलं दार उघडं होतं. काकू आतच होत्या.
मी हो म्हणून मान हलवली.