टॉपलोडच्या तळाशी

दि. ३ मार्च

ती. दादास,

सा. न. वि. वि. यातला साष्टांग हल्ली मला फक्त कागदावरच घालता येतो, तेव्हा तो तसाच गोड मानून घे.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर आपलं काय होतं ते तुला माहीत आहे. तू दुकानातल्या गिऱ्हाइकांसमोर आवाज चढवतोस, मी तुझं अर्धं ऐकून फोन ठेवते आणि मग वहिनीला दोन्हीकडे तह करत फिरावं लागतं. कागदावर निदान मधेच तोडता येत नाही.

इकडे सगळं ठीक आहे. अपघातानंतर दोन वर्षं तुमच्याकडे राहून स्वतःच्या बिऱ्हाडी आल्याला आता चार महिने होतील. तळमजल्याच्या या दोन खोल्या माझ्या खुर्चीच्या चाकांना आता पाठ झाल्या आहेत. ओटा तू खाली करून दिलास तो अगदी मापात आहे. लॅबमध्ये कामाचा ढीग आहे. गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांनी एकदम दात पाडायचं ठरवलंय की काय कोण जाणे. दिवसभर कवळ्या घासून माझे एप्रन प्लास्टरने पांढरेफटक होतात, आणि त्यावरूनच हे पत्र.

मला कपडे धुण्याचं मशीन घ्यायचं आहे. फ्रंटलोड. पैसे मी बाजूला टाकले आहेत. तू फक्त बाल्कनीत नळ आणि सांडपाण्याची वाट करून दे, कारण नळाचं काम दुसऱ्या कुणाकडून करून घेतलं तर तू जन्मभर ऐकवशील.

मी निघाले तेव्हा आपलं काय ठरलं होतं ते आठवतंय ना? जूनअखेरपर्यंत घरातलं सगळं मला स्वतःला जमलं, तर तू परत ये परत ये म्हणायचं बंद करायचं. नाही जमलं, तर मी तोंडातून ब्र न काढता तुमच्याकडे यायचं. स्वयंपाक जमला, झाडलोट जमली, बाजार जमला. राहिले फक्त कपडे, ज्यांचं बोचकं तू दर रविवारी येऊन वहिनीकडे धुवायला नेतोस. तेवढं एक मार्गी लाव.

वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, थोडी घाईही असू दे.

तुझी,
ठकू


दि. ९ मार्च

चि. ठकूस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. मशीन घ्यायचा विचार चांगला आहे, पण फ्रंटलोडचं खूळ तुझ्या डोक्यात कुणी भरवलं? रोज दुकानात दहा माणसं मशीनच्या नळ्या, जोड, तोट्या न्यायला येतात, आणि त्यातली निम्मी फ्रंटलोडवाली रडत असतात. दाराभोवतीच्या रबरात पाणी साचून वास येतो, तो रोज पुसावा लागतो. एकदा दार बंद झालं की बंद. हातरुमाल बाहेर राहिला तर राहिला. मशीन वजनाला दगड, जमीन जरा उणीअधिक असली की घरभर नाचतं. आणि मुख्य म्हणजे खाली वाकावं लागतं. तुझ्या वहिनीच्या मैत्रिणीने फ्रंटलोड घेतलं आणि कंबर धरून बसली.

टॉपलोडचं तसं नाही. झाकण उघडलं, कपडे टाकले, झाकण लावलं. मधेच काही आठवलं तर तेही टाकता येतं. आमच्याकडचं इतकी वर्षं चालू आहे, कधी कुरकुर नाही. वजनाला हलकं, किमतीला हलकं, आणि बिघडलं तर कोपऱ्यावरचा मेकॅनिकसुद्धा उघडू शकतो.

तेव्हा फार विचार करत बसू नकोस. ओळखीच्या दुकानदाराकडे एक चांगलं टॉपलोड बघून ठेवलं आहे आणि बयाणाही देऊन टाकला आहे. महिनाअखेर तुझ्या दारात येईल. तू तुझे पैसे तुझ्यापाशी ठेव.

खरं म्हणजे मशीनची गरज काय, हेच मला कळत नाही. तुझे कपडे आमच्या कपड्यांत कुठे जड झालेत? वहिनीने कधी तक्रार केली आहे का? तुझी खोलीही आम्ही तशीच ठेवली आहे. एकट्या माणसाने प्रत्येक गोष्ट स्वतःच करून दाखवली पाहिजे असा काही कायदा नाही.

प्रकृतीला जप. बाल्कनीचं दार ओढून घेत जा. उत्तर लवकर पाठव, आणि भांडणाशिवाय पाठव.

तुझा,
दादा


दि. १४ मार्च

ती. दादास,

सा. न. वि. वि.

भांडणाशिवाय उत्तर पाठव म्हणालास म्हणून तीन दिवस थांबले. तरी राग गेलेला नाही, तेव्हा तो सोबत पाठवते आहे.

फ्रंटलोडला वाकावं लागतं हे तुझं म्हणणं सोळा आणे खरं आहे. उभ्या माणसाला वाकावंच लागतं. पण दादा, मी उभी कधी असते? मी सकाळपासून बसलेलीच आहे. तुम्हा लोकांची कंबर जिथे मोडते, नेमकं तिथेच माझं दार उघडतं.

तुझा बयाणा मला कळायच्या आधीच, गेल्या शनिवारी, मी लॅबमधल्या मैत्रिणीबरोबर मशीनच्या दुकानात जाऊन आले. तिथला विक्रेता सगळं तिला सांगत होता. यांना कुठला रंग आवडेल, असंही त्याने माझ्याबद्दल तिलाच विचारलं. तिने त्याला सांगितलं, की त्यांना तोंड आहे आणि त्या रोज दुसऱ्यांच्या तोंडाची सोय करतात. मग बिचारा एकदम माझ्याशी वाकून बोलायला लागला, मी बहिरी असल्यासारखा मोठ्याने.

मी दोन्ही मशीनपाशी खुर्ची नेऊन पाहिली. टॉपलोडपाशी खुर्ची आडवी लावली, तर त्याची कड माझ्या काखेत येते. हात आत घातला तर तळ लागत नाही, आणि आत काय आहे ते दिसत तर मुळीच नाही. पिळून तळाला चिकटलेला ओला एप्रन मी कसा काढणार? फ्रंटलोडचं दार गुडघ्याशी उघडलं. हात सरळ आत गेला, मागच्या पत्र्यापर्यंत. खाली वीतभर उंचीचं स्टँड असलं तर कपडे ओढले की थेट मांडीवरच्या टोपल्यात येतील. रबर मी रोज पुसेन. कवळ्यांच्या फटी साफ करणाऱ्या बाईला रबराची कसली भीती घालतोस?

तुला माझं पटत नसेल तर एक कर. स्वयंपाकघरातली खुर्ची तुमच्या टॉपलोडपाशी घे, तिच्यावर बस, आणि बूड न उचलता धुतलेले कपडे बाहेर काढ. सगळे निघाले तर मी तुझं मशीन मुकाट ठेवून घेईन.

आता खरं तेच लिहिते. मला टॉपलोड मिळालं तर कपडे मला जमणार नाहीत. कपडे जमले नाहीत की जूनअखेर तू म्हणशील, बघ, नाही ना जमलं. तू हे मुद्दाम करतो आहेस असं मी म्हणत नाही. पण मी एकटी राहू शकते की नाही, ते या मशीनवर ठरणार आहे, आणि ते मशीन तू मला न विचारता ठरवलंस. दोन वर्षं मी विचारल्याशिवाय उचलली गेले, ठेवली गेले, धुतली गेले. तेव्हा गरज होती, आणि तुम्ही दोघांनी केलंत ते मी कधी विसरणार नाही. पण आता मला विचारायचं, दादा.

बयाणा बुडाला तर मी भरून देईन. लोभ कमी करू नये, काळजी थोडी कमी केलीस तरी चालेल.

तुझी,
ठकू


दि. २० मार्च

प्रिय ठकूस,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दादाने वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि दोन दिवस रात्री उशिरापर्यंत दुकानातच बसला. त्याला राग आलाय असं मला आधी वाटलं. पण रागात तो जास्त जेवतो, आणि या वेळी पानात तसंच टाकत होता.

काल मशीन लावून मी भाजी आणायला गेले. परत आले तर आतून ठणठण आवाज येत होता. जाऊन बघते तो काय, तुझा दादा स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसलेला, एक हात काखेपर्यंत मशीनमध्ये, गाल झाकणाला टेकलेला. हातात माझा चपात्यांचा चिमटा. वरवरचे कपडे निघाले होते, पण तळाशी त्याचाच एक रुमाल राहिला होता आणि तो काही केल्या चिमट्यात येत नव्हता. मी म्हटलं, की उठून काढ की. तर माझ्यावर वसकन ओरडला, की उठायचं नाही असं ठरलंय.

मी तिथेच पिशवी खाली ठेवून हसत सुटले. मग त्याचं तोंड पाहिलं आणि हसू थांबलं. घामाघूम झाला होता. शेवटी त्याने चिमटा ठेवून दिला आणि मला म्हणाला, की हिला हे रोज असंच असणार. हे वाक्य त्याने पुन्हा एकदा म्हटलं. रुमाल मीच काढला.

ठकू, आता माझं थोडं ऐक. तुझे कपडे मला जड नाहीत. पण दर रविवारी सकाळी हा माणूस दाढी करून, चांगला शर्ट घालून बोचकं आणायला निघतो ना, तेव्हा त्याच्याइतकं खूश घरात कुणी नसतं. तुला तुझ्या बिऱ्हाडी सोडून आला तो दिवस मी पाहिला आहे. दुकान उघडलंच नाही त्याने. अपघाताच्या दिवशी स्कूटर त्यानेच तुला दिली होती. हे तो तुझ्याशी कधी बोलणार नाही म्हणून मी लिहिते आहे. त्याला वाटतं, तुझं त्याच्यावाचून काही अडलं नाही तर त्याने तुझ्याकडे यायचं तरी कशाला.

म्हणून त्याचं ऐक असं मी म्हणत नाही. तू तुझं फ्रंटलोडच घे. फक्त त्याच्याशी जरा मऊ बोल. चिमटा वाकडा झालाय, तो माझ्याकडून तुला माफ.

माया आहेच, पत्राने ती मोजू नकोस.

तुझी,
वहिनी


दि. २४ मार्च

चि. ठकूस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

घाईत लिहितो आहे, दुकानात माल उतरतो आहे. तुझ्यासाठी बघितलेलं टॉपलोड मला हव्या त्या रंगात शिल्लक नव्हतं. दुकानदार म्हणाला, की फ्रंटलोड आहे. म्हटलं, तेच दे. त्यामुळे आता फ्रंटलोड येईल. फरकाचे पैसे तू दे, कारण मशीन तुझं आहे.

खुर्चीत बसल्यावर जमिनीपासून मांडीपर्यंतची उंची मोजून कळव. नीट मोज, अंदाजे नको. बाजारातली स्टँडं डुगडुगतात, मी लोखंडाचं करून घेतो. पाणी बंद करायचा कॉक लोक मशीनच्या मागे लावतात, तो तुझ्या हाताला येणार नाही. तो बाजूच्या भिंतीवर खाली घ्यायचा विचार आहे. चालेल का?

वहिनीने तुला काही लिहिलं असेल तर त्यातलं अर्धं सोडून दे. तिला तिखटमीठ लावायची सवय आहे.

तुझा,
दादा


दि. ६ एप्रिल

ती. सौ. वहिनीस,

सा. न. वि. वि.

मशीन बसलं. दादा तुला फोनवर दोन वाक्यांत सांगेल, म्हणून सविस्तर मी लिहिते.

काल सकाळी तो स्टँड, पाइप आणि हत्यारांची पेटी घेऊन आला. भिंत फोडायच्या आधी त्याने मला बाल्कनीत बोलावलं आणि हात लांब करायला सांगितला. जिथे माझी बोटं आरामात टेकली तिथे पेन्सिलने खूण केली, आणि कॉक बरोबर तिथे आला. कॉक कुठे हवा हे पत्रातही विचारलं होतं, काल पुन्हा विचारलं, साबणाचा डबा कुठे ठेवायचा तेही विचारलं. शेवटी मीच कंटाळून म्हटलं, की ठेव रे कुठेही. तर म्हणाला, की कुठेही नाही, तू सांग.

पहिले कपडे मी लावले. त्याला तिथे उभं राहवेना आणि तिथून जाववेना. मी एप्रन झटकून आत टाकत होते, तर एक खाली पडला. तो उचलायला वाकला आणि अर्ध्यातच थांबला. सरळ झाला, दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि छताकडे बघत राहिला. वहिनी, त्याला त्या एका एप्रनचा जेवढा त्रास झाला तेवढा भिंत फोडताना झाला नसेल. मी खुर्चीला अडकवलेल्या माझ्या आकड्याच्या काठीने एप्रन ओढला, उचलला, दार लावलं. धुऊन झाल्यावर सगळे कपडे मांडीवरच्या टोपल्यात आले. आत एक मोजाही राहिला नाही. मी त्याला आत बघायला लावलं.

जून यायला अजून अवकाश आहे, पण मी विचारून टाकलं, की झालं ना आता सगळं? तो हत्यारं पुसत होता. म्हणाला, की झालं. मग मीच त्याला सांगितलं, की त्या स्कूटरचा मी तुला कधीही दोष दिलेला नाही, ती मीच तुझ्याकडे हट्टाने मागितली होती. तो बराच वेळ तोच पाना पुसत बसला. तू हे मला लिहिलंस म्हणून त्याच्याजवळ बोलता आलं. त्याच्यावर रागावू नकोस आणि माझ्यावरही.

सांडपाण्याच्या पाइपाचं सिमेंट ओलं होतं म्हणून तो रात्री इथेच राहिला, बाहेरच्या खोलीत. या घरात त्याचा हा पहिलाच मुक्काम. आज सकाळी दारात पेपर वाचत बसला होता. वरच्या मजल्यावरच्या काकू दूध घेऊन वर चालल्या होत्या. एरवी त्यांनी इकडे कसे म्हणून विचारलं की तो म्हणायचा, हिचं सगळं बघायला यावं लागतं. ते ऐकलं की मी आतल्या आत लहान होऊन जायची. आजही त्यांनी विचारलं. मी आत चहा गाळत होते, गाळणं हातातच राहिलं.

तो म्हणाला, की चार दिवस बहिणीकडे राहायला आलोय.

मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. सिमेंट कधीच वाळलंय. पण तू त्याची इतक्यात वाट बघू नकोस, आणि दुकान चार दिवस बंद राहील असं गिऱ्हाइकांना सांग.

तुम्हा दोघांचा लोभ आहे तसाच राहू दे. बाकीचं माझं मी बघते.

तुझी,
ठकू