रस्त्याकडची बांधी

बालाघाट, २ सप्टेंबर

चि. वीरेंद्र यास ताईचे अनेक आशीर्वाद.

“लई काळंभोर धान पाहून खुश नोको होऊ, पोरी, तुडतुड्याइलेबी तेच आवडते,” असं आई एकदा शेताच्या धुऱ्यावर बसून म्हणाली होती. परवा बसमधून आपली रस्त्याकडची धानाची बांधी दिसली आणि तेच आठवलं. शेजारच्या साऱ्या पोपटी, आपली एकटीच गर्द हिरवी. युरिया किती टाकलास? फोनवर तू नुसतं हौ म्हणून ठेवून देतोस, म्हणून हे पत्र. धुऱ्यावरून पाहू नकोस. आत शीर, धान बाजूला सार आणि बुडाशी बघ, रस पिणारे तिथेच बसतात.

गुडघ्याला तेल लावतोस ना? मलाही शाळेतून आल्यावर काही करवत नाही.

आहे ती माया राहू दे.
ज्योत्स्नाताई

खैरलांजी, ९ सप्टेंबर

ती. ताईस वीरेंद्रचा साष्टांग नमस्कार.

तू शाळेतबी मास्तरीन, बसमंदीबी मास्तरीन. दसऱ्याले लांजीचे लोक पोरगी द्याच्या आधी माह्या पियुषचं घर पाहाले येऊन राह्यले. घराच्या आधी ते धान पाहातात, तुले माहीत हाय. मागचे पाहुणे पिवळं धान पाहून चहा न पेता गेलते. म्हनून युरिया जास्तीचा टाकला, मंग आनखीन एकदा टाकला.

तू लिवलं म्हनून आत शिरलो. बुडाशी तुडतुडेच तुडतुडे. मधातलं धान गोल वाळून त्याची तनस झाली हाय. वर्षाचे खायाचे तांदूळ तिथलेच. रस्त्यावरून अजून हिरवं दिसते. आनखीन एक हात युरिया देतो, दसऱ्यापावतर सारं झाकून जाईन. पियुषले सांगू नोको. लई थकलो, ताई.

लहान भावावर लोभ असू दे.
वीरेंद्र

बालाघाट, १५ सप्टेंबर

चि. वीरेंद्र यास आशीर्वाद.

रागवायचं होतं, पण तेवढं त्राण नाही. मागचे पाहुणे गेल्यावर तू चहाचा ट्रे घेऊन अंगणात उभा होतास, ते मी विसरले नाही. पण आता युरिया नको. वाळलेलं त्याने हिरवं होत नाही. उरलेलं मात्र लुसलुशीत होतं आणि तुडतुडे तिकडे सरकतात. बांधीतलं पाणी काढ, कडेचं तरी हाती लागेल. तांदूळ कमी पडले तर दोन्ही घरी कमी शिजवू.

एक मागते. लांजीचे लोक आले की त्यांना धुऱ्यावरून परत फिरवू नकोस. चपला काढायला लावून मधोमध ने, आणि काय केलंस ते पियुषसमोर सांग. त्यांच्याही घरी धानच आहे. तू नाही म्हणशील, हे लिहितानाच ऐकू येतंय. नाही म्हणून माझ्यावरची माया कमी करणार नाहीस, तेही ठाऊक आहे. तरी त्यांना आत ने.

ताई