बहिणीकडून बारा

१४ तारीख, सोमवार
दुपारची सुट्टी

ताईस नमस्कार,

जुगार नाही म्हणून मी दोन पत्रांत लिहिलं, तरी तुझं आपलं तेच. मावसभावानं घरी येऊन काय तिखटमीठ लावलं असेल ते मला इथं बसून दिसतंय. म्हणे बारक्या दर रविवारी चार माणसांत बसून फासे टाकतो. टाकतो ना. पण त्यात दमडी लागत नाही. जिंकलं तर काही मिळत नाही आणि हरलं तर काही जात नाही, असं मी आजवर समजत होतो. त्यातलं दुसरं खोटं निघालं. तेच सांगायला बसलोय, तर आधी पूर्ण वाच आणि मग शिव्या घाल.

बाबांचा गुडघा कसा आहे? माझी तब्येत ठीक. कागद कापायच्या मशीनवर आता मी एकटा असतो. पाचशे कागदांची चळत पातं एका दमात कापतं, लोणी कापावं तसं. बटणं दोन आहेत, हातभर अंतरावर, आणि दोन्ही एकदम दाबल्याशिवाय पातं खाली येत नाही. म्हणजे हात मध्ये राहायचा प्रश्नच नाही. तेव्हा त्याही काळजीनं झोप घालवू नकोस.

तर खेळ. आमच्या छापखान्यात एक म्हातारा बाइंडर आहे. हात कायम डिंकानं चिकट, बोलणं मात्र कोरडं. रविवारी दुपारी वरच्या बांधणीच्या खोलीत तो मोठं टेबल रिकामं करतो आणि आम्ही चौघं बसतो. मी, क्रेनवाला, वायरमन आणि खानावळीतली स्वयंपाकीणबाई. प्रत्येकापुढे एक कागद. त्या कागदावर आपण कोण ते लिहायचं. मग बाइंडर सांगतो तुम्ही कुठे आहात, समोर काय आहे, आणि आपण सांगायचं की आपण काय करतो. जमेल की नाही ते फासा ठरवतो. वीस बाजूंचा फासा आहे, बोराएवढा. एवढंच. पट नाही, सोंगट्या नाहीत.

हसलीस ना? मीही हसलो होतो. पण पहिल्याच रविवारी त्यानं खिडकी लावली आणि म्हणाला, "नदी आहे. दिसत नाही, धुकं आहे. ऐकू येतेय." ताई, मशीनं बंद होती, खाली चिटपाखरू नव्हतं, आणि मला ऐकू आली. मी पाय वर घेतले. क्रेनवाल्यानं पाहिलं पण काही बोलला नाही, कारण त्याचेही वरच होते.

गेल्या महिन्यात बाइंडर म्हणाला, आता नवा खेळ. प्रत्येकानं घरात ऐकलेली एक परीकथा आणायची, आपण छापतो त्या पुस्तकांतली नको, आणि त्यातली माणसं खेळता येतील अशी करायची. वायरमननं एक राक्षस आणला. कागदावर लिहिलं, फार मोठा. बाइंडरनं कागद परत दिला. मोठा ते ठीक, पण जेवतो कुठे, घाबरतो कशाला, एकटा असला की काय करतो? बिचारा वायरमन आठवडाभर राक्षसाचा विचार करत तारा जोडत होता. शेवटी राक्षस सुईला घाबरतो असं ठरलं आणि तेव्हापासून तो राक्षस मला खरा वाटायला लागला.

मी तुझी गोष्ट नेली.

तुला न विचारता. तू दुपारी कपड्यांना टीप घालताना सांगायचीस ती, दगड झालेल्या भावाची. शापाची शिळा हाताला लागून भाऊ दगड होतो. बहीण नदीला आपला आवाज देऊन टाकते, नदी दगडाला चाटून चाटून पुन्हा मुलगा करते, तो उठतो आणि नदी ओलांडून जगात निघून जातो. तिला हाक मारता येत नाही. मी विचारायचो, मग? तू म्हणायचीस, मग काय, उभी आहे अजून काठावर, झोप आता. मला नेहमी त्या भावाचं वाटायचं. पलीकडे काय काय पाहिलं असेल त्यानं.

आमच्या टेबलाचा एक नियम आहे. बळ, चपळाई, डोकं, कान आणि जिद्द, अशा पाच चौकटी, आणि सगळ्यांत मिळून चाळीस गुण. राजा असो की उंदीर, चाळीसच. एखाद्याला जास्त द्यायचे असतील तर त्याच गोष्टीतल्या दुसऱ्या कुणाकडून काढायचे आणि कुणाचे काढले ते कागदाच्या पाठीमागे लिहायचं. मी भाऊ खेळणार होतो. त्याला जग पाहायचंय, चाळिसात कसं भागेल? मी त्याला बावन्न दिले. मागे लिहिलं, बहिणीकडून बारा. तिच्या जिद्दीच्या चौकटीत चौदा होते, तिथून काढले, दोन उरले. मला वाटलं, तिला उभंच तर राहायचंय.

आणि एक चौकट असते, काय हवंय. तिच्या कागदावर मी लिहिलं, भाऊ परत यावा.

बहिणीचा कागद स्वयंपाकीणबाईंनी घेतला. तू त्यांना पाहिलेलं नाहीस. दीडशे माणसांचं जेवण एकट्या करतात आणि तोंडाचा पट्टा थांबत नाही. डाळ वाढताना सुपरवायझरचा उद्धार, भात वाढताना जावयाचा. त्या कागद वाचून म्हणाल्या, "मुकी आहे का ही? बरं." आणि गप्प झाल्या. खेळ संपेपर्यंत एक अक्षर नाही. पाणी हवं तर हातानं खूण. क्रेनवाल्यानं मुद्दाम जावयाचा विषय काढला, तरी नाही. मी माणसाला इतकं गप्प बसलेलं पाहिलं नव्हतं. खोलीत त्यांचं ते न बोलणं एवढं मोठं झालं की आम्हीच हळू बोलायला लागलो, देवघरात बोलावं तसं.

बाइंडरनं विचारलं, "काठावर उभी आहेस. काय करतेस?" मला वाटलं बाई बसून राहतील. त्यांनी दोन बोटं टेबलावर उभी केली आणि चालवत चालवत पाण्यात नेली.

तू कधी सांगितलं नव्हतंस, की ती पाण्यात उतरू शकते.

पार व्हायला फासा आणि जिद्द मिळून वीस हवे होते. फाशावर अकरा पडले. जिद्द दोन. तेरा. बाइंडर म्हणाला पाणी छातीपर्यंत आलंय, पुढच्या रविवारी आणखी एकदा टाकायचा, चुकला तर कागद फाडायचा. मग त्यानं माझा कागद उलटा केला आणि वाचला. बहिणीकडून बारा. बाईंनी माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या. तिला विचारलं होतंस का, असं.

बाइंडर म्हणाला गुण परत करता येतात. फक्त टेबलावर सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणायचं, घेतले होते, परत करतो. चार शब्द. मी म्हटलं, खेळ आहे, पुढच्या वेळी बघू. आणि जिना उतरून आलो.

तो आठवडा मी नीट कागद कापले नाहीत. दोन चळती वाया गेल्या, बोलणी खाल्ली. दोन्ही बटणांवर हात ठेवून उभा राहायचो आणि मला आपली ओसरी दिसायची. तू नकाशे काढायच्या वर्गाचा अर्ज आणलेला, तुझी निवड झालेली, शिलाईतून साठवलेली एकतीस हजारांची फी डब्यात. आणि मी कारखान्याच्या प्रशिक्षणाला जायचं म्हणून तोंड पाडून बसलेलो. तू डबा माझ्यापुढे सरकवलास आणि म्हणालीस, तू जा, माझं काय, मी इथंच आहे. मी एकदाही नको म्हटलं नाही, ताई. डबा जड आहे का हलका, एवढंच पाहिलं.

आणि आता ते लिहितो, जे तीन वर्षं लिहिलं नाही. मी तुला कळवलं तशी ती प्रशिक्षण संस्था बंद पडली नव्हती. अजून चालू आहे. मला बाकावर बसवेना. सहाव्या आठवड्यात मी उरलेली फी परत घेतली आणि त्या पैशांत इकडे आलो. तू त्या संस्थेच्या मालकाला किती शिव्या घातल्यास. भला माणूस होता तो. दारापर्यंत सोडायला आला, पुन्हा विचार कर म्हणाला.

काल रविवार होता. सगळे बसले. बाईंनी फासा उचलला, मुठीत धरला आणि टाकेचनात. माझ्याकडे पाहतही नव्हत्या, फाशाकडे पाहत होत्या. मी उभा राहिलो. कशाला उभा राहिलो माहीत नाही, तसा नियम नाही. म्हणालो, "घेतले होते, परत करतो." आवाज असा आला की वायरमननं मान खाली घातली. बाइंडरनं पेन्सिलीनं माझे बारा खोडले आणि तिच्या कागदावर लिहिले. दोनाचे चौदा.

बाईंनी फासा टाकला. नऊ पडले. मागच्या रविवारच्या हिशेबात नवानं काही झालं नसतं. नऊ आणि चौदा तेवीस. बाइंडर हळूच म्हणाला, नदीनं आवाज परत दिलाय, बोल.

मला वाटलं भावाला हाक मारतील. मी ओ द्यायला तयार होतो, शपथ. दोन रविवार मुक्या बसलेल्या त्या बाईंनी घसा खाकरला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या,

"सरक. मला पलीकडे जायचंय."

ताई, माझ्या अंगावर काटा आला तो अजून गेलेला नाही. एवढी वर्षं ती काठावर उभी होती आणि मी समजत होतो, माझी वाट बघतेय. ती नदी बघत होती. बाइंडरनं काय हवंय त्या चौकटीतलं माझं अक्षर खोडरबरानं पुसलं आणि कागद बाईंपुढे ठेवला. त्यांनी काय लिहिलं ते मी वाचलं नाही. तो त्यांचा कागद.

मी आज सकाळी नकाशांच्या वर्गाला फोन केला. चालू आहे. वयाची अट नाही, जुनी निवड धरतील, फी महिनाअखेर भरायची. बाबांचं काय, हे तू लिहिशीलच. मावशीशी बोललोय, पहिले चार महिने ती येऊन राहते. पुढचे चार मी. भाजी करपेल, बाबांना सांगून ठेव. गोष्ट मात्र तूच पुरी कर. पलीकडे काय असतं ते मला माहीत नाही. मी गेलो होतो, पण नीट पाहिलं नाही.

घेतले होते, परत करतो.

काठावरून सरकलेला,
तुझा बारक्या

सोबत पाठवतोय: एकतीस हजार.