कातड्यातली हाडं

अलिबाग, १३ नोव्हेंबर १९६१

प्रिय राही,

नऊ वर्षांनी माझं अक्षर पाहून तू पाकीट न उघडताच बाजूला ठेवशील. ठेव, पण फेकू नकोस. आत आणखी दोन कागद आहेत. दिवाळीला घरी आले आहे. बाबा आता मिठागरात उतरत नाहीत, गुडघे धरलेत. काल विचारत होते, "तुजी ती मुरुडची मैतरीण कशी हाय?" मी म्हटलं, बरी आहे.

खरं तर मे महिन्यात मी तुला पाहिलं. श्रीवर्धनला लग्नाला निघाले होते. आगरदांड्याला दिघीच्या होडीत बसले आणि तुझ्या आईचा, आवडाबाईंचा, हात धरून तू धक्क्यावर येताना दिसलीस. मी पदर तोंडावर ओढला, शेजारणीला म्हटलं ऊन लागतंय. त्यांनी मला ओळखलं असावं. बराच वेळ होडीकडे बघत उभ्या होत्या. भूगर्भशास्त्राच्या वर्गाच्या नर्मदेकडच्या सहलीला निघताना त्यांनी आपल्या दोघींना तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी बांधून दिली होती. माझा डबा तुझ्यापेक्षा जड होता.

वर्गात आपण दोघीच मुली. त्या टेकडीच्या उतारावर आधी पायाचं हाड निघालं, मग हाडाच्या जाड चकत्या, काही भाकरीएवढ्या, काही सुपारीएवढ्या. सर हरखून गेले. चिलखती डायनोसॉर! पाठीवर उभ्या पाट्या असणाऱ्यांत घालायचा की अंगभर चकत्या आणि शेपटीला गदा असणाऱ्यांत, एवढाच प्रश्न त्यांच्यापुढे उरला. तुला मात्र ते पटेना. चहा पिताना तू मला समजावलंस, की या चकत्या सांगाड्याला जोडलेल्या नसतात, कातड्यात वाढतात. कातडं कुजलं की सुट्या होतात आणि पुराच्या पाण्याबरोबर कुठेही जाऊन पडतात. शिवाय पायाचं हाड आतून पोकळ होतं, दोन पायांवर धावणाऱ्या मांसाहारी जनावराचं. मग आपण हाड आणि चकत्या यांच्यातलं अंतर मोजलं. टेपचं एक टोक तुझ्याकडे, दुसरं माझ्याकडे. अकरा फूट भरलं, आणि चकत्या वरच्या थरात होत्या. वहीत ते मीच लिहिलं.

परतल्यावर भर वर्गात तू उठून हे सांगितलंस. सर माझ्याकडे वळले. "मापं तुमच्या वहीत आहेत. सगळं एकत्रच होतं ना?" विभागात एक जागा निघणार होती आणि ती सरांच्या हातात होती. मी म्हटलं, "हो सर, एकत्रच."

तू इतकी गडबडलीस की घरची बोली तोंडून निसटली. "कमळ, टेप तूच धरली व्हतीस ना गं?" ते 'व्हतीस' ऐकून वर्ग हसला. राही, मीही हसले. आमच्या घरात दुसरं काही बोलत नाहीत, तरी हसले. त्या खोट्याला मी मनाशी पुष्कळ कारणं दिली आहेत. हसण्याला एकही सापडलं नाही.

सरांनी तुझी शिफारस थांबवली, शिष्यवृत्ती गेली, तू मुरुडला जाऊन शाळेत शिकवू लागलीस. जागा मला मिळाली. सरांच्या लेखात मी काढलेलं चित्र छापून आलं, खाली मांसाहाऱ्याचे पाय आणि वर दुसऱ्याच कुणाचं चिलखत.

गेल्या महिन्यात परदेशातले एक तज्ज्ञ आले. त्यांनी ते हाड उचलून आत पाहिलं आणि दोन मिनिटांत तुझंच म्हणणं बोलून दाखवलं. सर निवृत्त झालेत. नवे प्रमुख मला म्हणाले, वही तुमची, दुरुस्तीचा लेखही तुम्हीच लिहा, नाव होईल. मी हो म्हटलं. चार दिवस लिहीत होते आणि, लाज वाटते सांगायला, मला आनंद होत होता. पाचव्या दिवशी 'माझ्या तेव्हाच लक्षात आले होते' हे वाक्य लिहिलं, आणि पुढे लिहवेना. प्रमुखांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं, हसण्यासकट. त्यांनी एवढंच विचारलं, "त्या बाईंना कळवलंत?" म्हणून हे पत्र. सोबत लेख आहे, त्यावर तुझ्या एकटीचं नाव आहे. चुकलं असेल ते सुधार, सही कर आणि थेट नियतकालिकाकडे धाड. नको असेल तर फाडून टाक. दुसरा कागद म्हणजे त्या खोट्याचा माझा कबुलीजबाब. त्याची एक प्रत आज सकाळीच मी नियतकालिकाच्या संपादकांकडे टपालाने पाठवून आले, आणि मगच हे लिहायला बसले. आधी तुला लिहिलं असतं, तर मी पुन्हा कच खाल्ली असती.

लिहायला हात धजत नाही, तरी तुझीच,
कमळ